विजयदुर्ग: कट्टे, गुराबा आणि जांभा

हेलियमपासूनच सुरुवात करतो, नाहीतर शेवटी कुणीतरी ‘हेलियम इथेच सापडला ना?’ असं विचारणारच. विजयदुर्ग किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्यां’वर दुर्बीण लावून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने 1868 साली हेलियम शोधला, असं आपण पोरांना सांगतो. दर 18 ऑगस्टला हेलियम दिनही साजरा करतो. पण त्या वर्षी लॉकियर इथे आलेच नव्हते! ऑगस्टच्या ग्रहणात गुंटूरला होते ते जान्सेन, फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ. सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेघ लॉकियरनी पाहिली ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडात. विजयदुर्गाला ते आले 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाने हेलियम पृथ्वीवर शोधल्याला तीन वर्षं होत आली होती. हे ऐकून लोक हिरमुसतात. का, ते मला कळत नाही. युद्धनौकेचे खलाशी मदतीला घेऊन एक माणूस या तटावर दुर्बिणी मांडतो, ही गोष्ट काय कमी आहे?

आता किल्ल्याकडे वळू. शिलाहार भोजाने तो बांधला असं परंपरा सांगते. आदिलशाहीत याला घेरिया म्हणत. शिवाजी महाराजांनी घेतल्यावर तटाला तिहेरी चिलखत चढलं, आणि कान्होजी आंग्र्यांच्या काळात इथून निघालेल्या गुराबा-गलबतांचा, म्हणजे लढाऊ जहाजांचा, ईस्ट इंडिया कंपनीने धसका घेतला. पलीकडे गिर्ये इथे वाघोटनच्या खाडीत कातळ फोडून केलेली गोदी आहे. किल्ला बघणारे शंभर, गोदी बघणारे दोन.

हा दरारा संपला कसा, हे मात्र आपण भाषणात भरभर उरकतो. फेब्रुवारी 1756. समुद्रातून इंग्रज अॅडमिरल वॉटसनचं आरमार, बरोबर क्लाइव्ह. आणि जमिनीवरून कोण? नानासाहेब पेशव्यांची फौज. आपलीच. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, म्हणून इंग्रजांशी करार झाला होता. तुळाजींनी कंपनीचं ‘रिस्टोरेशन’ हे जहाज पूर्वी पकडून आणलं होतं. नेमका त्याच्यावर तोफगोळा पडला, ते पेटलं आणि बंदरात दाटीवाटीने उभं असलेलं सगळं आरमार त्या आगीत गेलं. काही तासांत! ठरल्याप्रमाणे किल्ला पेशव्यांना मिळायचा होता. इंग्रज त्यात ठाण मांडून बसले आणि ऑक्टोबरमध्ये बाणकोटचा किल्ला पदरात पाडून घेतल्यावरच त्यांनी तो सोडला. तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं. पुढे पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळपांनी 1783 मध्ये इंग्रजांची ‘रेंजर’ ही नौका पकडली, नाही असं नाही. पण त्या एका दिवसात गेलेलं आरमार काही परत उभं राहिलं नाही. 1818 मध्ये किल्लाही गेला.

आज काय आहे? जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्यांतल्या 12 किल्ल्यांत विजयदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. ढोलताशे वाजले, वाजायलाच हवेत. पण ऑगस्ट 2020 च्या पावसात याच किल्ल्याच्या तटाचा काही भाग समुद्राकडे ढासळला होता. जांभा दगड घडवायला सोपा, झिजायलाही तितकाच सोपा. तीन बाजूंनी लाट पायथा खाते. वरून सांध्यांत झाडं मुळं घालतात. चुना सुटला की पावसाचं पाणी आत मुरतं आणि चिरा मागून ढकलला जातो. वरची फरसबंदी कितीही चकचकीत केलीत तरी पायथ्याचा चिरा त्याने बसत नाही.

म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या खेपेला गेलात तर कट्ट्यावर फोटो जरूर काढा, पण ओहोटीची वेळ साधून होडीने तटाच्या बाहेरून एक फेरी मारा. पाण्याच्या रेषेजवळचे चिरे बघा, त्यांच्यात हात जाईल एवढ्या फटी दिसतील. प्रश्न असतील तर मला त्या फटींबद्दल विचारा.