पी-डेल्टाची टिक मारली, पुढे काय?

मंडळी, स्टील फ्रेमची स्टॅबिलिटी म्हटलं की आपण सॉफ्टवेअरमध्ये पी-डेल्टाची (म्हणजे फ्रेम सरकल्यावर उभ्या लोडमुळे जे वाकणं आणखी वाढतं ते धरायची) टिक मारतो आणि मोकळे होतो. त्या टिकेमागे नेमकं काय चालतं हे किती जणांनी बघितलंय? बरं, राहू दे, हात वर करू नका.

एआयएससी ३६० (अमेरिकेचा स्टील कोड) च्या कॉमेंटरीत दोन बेंचमार्क, म्हणजे प्रोग्राम तपासायला उत्तरासकट उदाहरणं, दिलेत, दोन्हीत एकच कॉलम, पाच मिनिटांत मॉडेल होतो. त्यातला दुसरा आधी घेऊ. डब्ल्यू १४ बाय ४८ हा आय-आकाराचा स्टील सेक्शन, उंची २८ फूट, खाली फिक्स, वर मोकळा, टोकाला आडवा १ किप (युनिट अमेरिकन आहेत, किप म्हणजे हजार पौंड, चालवून घ्या). वरून लोड नसेल तर बेसला ३३६ किप-इंच मोमेंट (वाकवणारा जोर) आणि टोक सरकतं ०.९०७ इंच. प्रोग्राममध्ये शिअर डिफॉर्मेशन (कातर-जोराने होणारं किंचित सरकणं) बंद असेल तर ०.९०१ दिसेल, घाबरू नका. आता वरून २०० किप ठेवा, टोक २.६० इंच सरकतं आणि मोमेंट जातो ८५६ वर, आडवा लोड मात्र तोच.

लगेच कुणीतरी म्हणतं सर ताळा करू, ३३६ अधिक २०० गुणिले २.६०, बरोब्बर ८५६. ठीक. पण काही प्रोग्राम फक्त मोठा डेल्टा धरतात, म्हणजे कॉलमची टोकं किती सरकली तेवढंच बघतात आणि मधला बाक सोडून देतात, तिथे हाच कॉलम अख्खा एका तुकड्यात टाकला तर टोक १.९७ इंच आणि मोमेंट ७३० च्या आसपास येतो. करा ताळा. ३३६ अधिक २०० गुणिले १.९७, हेही जुळतं! समतोल दोन्हीकडे आहे, चुकलंय ते सरकणं, म्हणून ताळ्यावर विसंबू नका, आकडा बेंचमार्कशी लावा.

पहिल्या बेंचमार्कमध्ये तर हे उघडंच पडतं. दोन्ही टोकं पिन, अंगावर आडवा यूडीएल (सगळ्या लांबीवर सारखा पसरलेला लोड), ४५० किप दाब, मधला मोमेंट २३५ वरून ३८० व्हायला हवा. टोकं हलतच नाहीत, त्यामुळे तसला प्रोग्राम बिनधास्त २३५ सांगतो. कॉलमचे चार तुकडे करा, उत्तर ३८० च्या जवळ येतं.

अजून एक, फ्रेम सिमेट्रिक आणि लोड फक्त उभा असेल तर टिक मारूनही काहीच सरकणार नाही, म्हणून आपल्या आयएस ८०० (भारतीय स्टील कोड) मध्ये उभ्या लोडच्या ०.५ टक्के नोशनल, म्हणजे मानीव, आडवा लोड लावायला सांगितलाय. तो विसरू नका.

आणि हे सगळं पास झालं तरी मॉडेल खरं असेलच असं नाही. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या सिव्हिक सेंटरचं स्पेस फ्रेमचं (तिन्ही दिशांनी जोडलेल्या दांड्यांच्या जाळीचं) छप्पर १९७८ च्या जानेवारीत बर्फाखाली कोसळलं, बास्केटबॉलचा सामना संपून काही तास झाले होते म्हणून माणसं वाचली. कॉम्प्युटरवर ॲनालिसिस झालेलं होतं, पण वरच्या कॉर्डच्या (जाळीच्या वरच्या थराच्या) दाबातल्या मेंबरना मधोमध जे ब्रेसिंग (बाक येऊ न देणारा आधार) धरलं होतं ते प्रत्यक्षात पुरेसं नव्हतं. हे कुठल्याही बेंचमार्कमध्ये दिसत नाही, त्याला ड्रॉइंग उघडून तो जोड कुठे येतो आणि कशाला धरतो ते बघावं लागतं.