मिथिओनिन काढून घेतलं तर

पडद्यावर दिसतोय तो गुलाबी द्रव म्हणजे कल्चर मीडिया, प्रयोगशाळेत पेशींना वाढवणारं खाद्य. रंग फिनॉल रेड या रंगद्रव्याचा. वाढत्या पेशी आम्ल सोडू लागल्या की तो पिवळट पडतो आणि मीडिया बदलावा लागतो. या बशीत आहेत मूलपेशी, शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकणाऱ्या. त्यांना तसंच राखायचं, तर खायला काय द्यायचं?

१९९८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातल्या मूलपेशी वाढवल्या, तेव्हा खाली उंदराच्या पेशींचा थर होता आणि मीडियात वासराच्या गर्भाचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव. पेशी जगल्या, पण सीरममधल्या कशामुळे, हे सांगणं अवघड. त्यात असंख्य पदार्थ, आणि प्रत्येक बाटली निराळी. मग काटछाट सुरू झाली. २०११ मध्ये थॉमसन यांच्याच गटाने ‘ई-८’ हा मीडिया मांडला. मूळ द्रव धरून घटक अवघे ८. सीरम नाही, त्यातलं अल्ब्युमिन हे प्रथिनही नाही.

अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, असतात त्या मूळ द्रवात. त्यातलं एकच वगळलं तर?

उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींना थ्रिओनिन हे अमिनो आम्ल मिळालं नाही की त्यांची वाढ थांबते, असं २००९ मध्ये दिसलं. थ्रिओनिन मोडून त्या डीएनएचा कच्चा माल मिळवतात. माणसात मात्र ते मोडणाऱ्या विकराचं जनुक निकामी झालेलं आहे. मग आपल्या मूलपेशी कशावर अवलंबून आहेत?

उत्तर २०१४ मध्ये जपानमधून आलं: मिथिओनिन, आणखी एक अमिनो आम्ल. ते काढून घेतलं की काही तासांतच पेशीतलं एसएएम, म्हणजे मिथिओनिनपासून बनणारा एक रेणू, घटतं. डीएनएवर आणि त्याभोवतीच्या प्रथिनांवर मिथाइल खुणा, म्हणजे जनुकांचं काम ठरवायला मदत करणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा, उमटतात त्या याच रेणूच्या जोरावर. एसएएम घटलं की मूलपेशीपण टिकवणारं नॅनॉग हे प्रथिनही उतरतं. एका अमिनो आम्लाची पोच थेट पेशीच्या ओळखीपर्यंत आहे, हे खरोखर थक्क करणारं आहे.

इथे वेळेला फार महत्त्व आहे. मिथिओनिन थोडा वेळ काढलं, तर पेशी दुसऱ्या प्रकारच्या पेशींत बदलायला अधिक तयार होतात. जास्त वेळ काढलं, तर मरतात.

उपचारासाठी पेशी घडवताना याचा मोठा उपयोग आहे. न बदललेल्या मूलपेशी मागे राहिल्या, तर रुग्णाच्या शरीरात गाठ होण्याचा धोका असतो. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये हृदयपेशींच्या पातळ चादरी तयार करताना मिथिओनिन नसलेला मीडिया वापरला. मागे उरलेल्या मूलपेशी त्यात संपल्या, हृदयपेशी तगल्या.