तरुण यकृतातली गाठ

सीटी स्कॅनचं हे चित्र नीट पाहा. डावीकडे दिसतंय ते यकृत. त्यात हा मोठा गोळा, आणि गोळ्याच्या मधोमध चांदणीसारखा पसरलेला व्रण.

यकृताचा कर्करोग म्हटलं की आधी दारू, हिपॅटायटिस, सिरॉसिस आठवतं. इथे त्यातलं काहीच नाही. बाकीचं यकृत ठणठणीत आहे आणि रुग्ण विशीतला. हा फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा. 1956 मध्ये पॅथॉलॉजिस्ट ह्यू एडमंडसन यांनी एका 14 वर्षांच्या मुलीच्या यकृतात त्याची पहिली नोंद केली.

पोट दुखतं, भूक लागत नाही, वजन उतरतं. या वयात एवढ्यावर कोण कर्करोगाची शंका घेतो? त्यात रक्तातलं एएफपी, म्हणजे यकृताच्या कर्करोगासाठी तपासलं जाणारं प्रथिन, बहुतेकदा नॉर्मल येतं. म्हणूनच तक्रार टिकून असेल, तर रक्ताच्या रिपोर्टवर न थांबता सोनोग्राफी करायलाच हवी.

एमआरआयच्या टी-2 नावाच्या एका प्रकारच्या चित्रांत हा व्रण सहसा काळा दिसतो. एफएनएच या निरुपद्रवी गाठीतला बहुधा पांढरा. निर्णय मात्र सूक्ष्मदर्शकाखाली होतो: मोठ्या गुलाबी पेशी, आणि त्यांच्यामधून समांतर गेलेले तंतूंचे पट्टे. 2014 मध्ये मूळही सापडलं. 19व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळतो आणि डीएनएजेबी1 व पीआरकेएसीए ही दोन जनुकं एकमेकांना जोडली जातात. हे शोधणाऱ्यांत एलाना सायमन होती, लहानपणी याच आजारातून गेलेली विद्यार्थिनी.

आता ऑपरेशन थिएटर. सर्जन उघड्या यकृतावरच सोनोग्राफीचा प्रोब फिरवतायत. गाठीची कड कुठे, शिरा कुठे, हे पाहून कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने, कापायची रेषा आखली जाते. यकृताकडे येणाऱ्या रक्तवाहिन्यांभोवती पट्टी आवळली की रक्त थांबतं. सर्जन प्रिंगल यांनी 1908 मध्ये सांगितलेली ही युक्ती. साधारण पंधरा मिनिटं आवळायचं, पाच मिनिटं सोडायचं. हातातलं यंत्र कंपनांनी मऊ पेशी फोडून ओढून घेतं, शिरा तेवढ्या शाबूत राहतात. मग एकेक शीर दिसते, क्लिप लागते, कात्री चालते. घाई करून चालत नाही. भूलतज्ज्ञ शिरांमधला दाब मुद्दाम कमी ठेवतात, रक्तस्राव आटोक्यात राहतो. आजूबाजूच्या लिम्फ नोड्स, म्हणजे लसिका ग्रंथीही काढतात, कारण हा आजार तिथे लवकर पोचतो.

उरलेलं यकृत काही महिन्यांत वाढून भरून येतं. गाठ परतण्याचा धोका मोठा असतो, त्यामुळे स्कॅन वर्षानुवर्षं चालतात. परतलीच, तर जमेल तिथे पुन्हा शस्त्रक्रिया.