विझत गेलेला ठिपका

पडद्यावर दिसणाऱ्या या दोन प्रतिमा आकाशाच्या एकाच तुकड्याच्या आहेत. कॅनरी बेटांमधील ला पाल्मा येथील विल्यम हर्शेल दुर्बिणीने पहिली प्रतिमा २८ फेब्रुवारी १९९७ रोजी टिपली आणि दुसरी ८ मार्चला. पहिलीत दिसणारा अंधूक ठिपका दुसरीत नाही. गॅमा किरण स्फोटामागून, म्हणजे अवकाशातून अचानक येणाऱ्या अतिऊर्जावान गॅमा किरणांच्या अल्पकालीन लोटामागून, रेंगाळणारा दृश्य प्रकाश माणसाच्या हाती लागला तो या ठिपक्याच्या रूपाने, आणि पहिल्यांदाच.

त्याआधीची तीस वर्षे हे स्फोट कोडेच राहिले होते. अण्वस्त्र चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेने सोडलेल्या वेला उपग्रहांनी २ जुलै १९६७ रोजी पहिला स्फोट नोंदवला. जगाला ते कळले १९७३ मध्ये. १९९१ मध्ये अवकाशात गेलेल्या कॉम्प्टन वेधशाळेने दिवसाला साधारण एक या गतीने असे स्फोट टिपले आणि ते सर्व दिशांनी सारखेच येतात हे दाखवले. मात्र तिने सांगितलेल्या दिशेत काही अंशांची चूक असे. पूर्ण चंद्रबिंब जेमतेम अर्धा अंश भरते, हे लक्षात घेतले म्हणजे एवढ्या पसरट आकाशात नेमके कोठे शोधायचे, ही अडचण किती मोठी होती ते कळते. स्फोट आपल्या दीर्घिकेच्या परिसरातले की अब्जावधी प्रकाशवर्षे दूरचे, याचा निकाल त्यामुळे लागत नव्हता.

हा निकाल लागण्याची वाट बेप्पोसॅक्स या उपग्रहाने मोकळी केली. इटली आणि नेदरलँड्स यांनी मिळून तयार केलेला हा उपग्रह ३० एप्रिल १९९६ रोजी सोडण्यात आला. त्यावरील एका उपकरणाला नको असलेल्या किरणांपासून वाचवण्यासाठी सीझियम आयोडाइड स्फटिकांचे कवच बसवले होते. गॅमा किरण आदळला की असा स्फटिक क्षणभर चमकतो, म्हणून त्याच कवचाकडून स्फोटांवर पहारा ठेवण्याचेही काम करून घेतले गेले. या योजनेतली काटकसर मला फार मोलाची वाटते.

स्फोटाची जागा सांगण्याचे काम क्ष-किरणांच्या दोन विस्तृत कॅमेऱ्यांचे होते. त्यांच्या तोंडाशी भिंग नव्हते, तर ठरावीक नक्षीची भोके असलेला पत्रा होता. खिडकीच्या जाळीतून आलेले ऊन फरशीवर नक्षी उमटवते आणि सूर्य सरकला की ती नक्षीही सरकते. तसेच येथे किरण नोंदवणाऱ्या शोधकावर पडलेल्या सावलीवरून किरणांची दिशा गणिताने काढता येते. आपल्या अॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील सीझेडटीआय हे उपकरणही याच तत्त्वावर चालते.

२८ फेब्रुवारीच्या पहाटे, रोममध्ये चार वाजायला दोन मिनिटे असताना, कवचाने स्फोट नोंदवला. तो सुमारे ऐंशी सेकंद चालला. सुदैवाने मृग तारकासमूहातील ती जागा त्याच वेळी एका कॅमेऱ्याच्या टप्प्यात होती. माहिती जमिनीवर उतरवून, सावलीचे गणित सोडवून आणि नव्या आज्ञा पाठवून शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या अधिक सूक्ष्म क्ष-किरण दुर्बिणी तिकडे वळवल्या, तेव्हा स्फोटाला केवळ आठ तास झाले होते. तेथे पूर्वी नोंद नसलेला क्ष-किरणांचा एक स्रोत तेवत होता. ३ मार्चला पुन्हा पाहिले, तर तो सुमारे वीस पटींनी मंदावला होता.

स्फोटातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघालेला झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो. त्या धक्क्याने वेग घेतलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना क्ष-किरणांपासून रेडिओ लहरींपर्यंतचे प्रारण सोडतात, आणि झोत मंदावत जातो तशी ही उत्तरप्रभा, म्हणजेच आफ्टरग्लो, ओसरते. अॅमस्टरडॅमच्या यान व्हान पाराडाइस यांच्या चमूने ला पाल्माच्या प्रतिमांमध्ये शोधली ती हीच.

त्याच वसंतात हबल दुर्बिणीला त्या जागी ठिपक्याभोवती एक पुसट डाग दिसला. काहींच्या मते ती दीर्घिका होती, पण सर्वांना ते पटले नव्हते. मे महिन्यात बेप्पोसॅक्सनेच टिपलेल्या दुसऱ्या एका स्फोटाच्या उत्तरप्रभेचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगांनुसार केलेली फोड, हवाईतील केक दुर्बिणीने घेतला, आणि तो प्रकाश निदान सातशे कोटी वर्षे प्रवास करून आला असल्याचे सिद्ध झाले. सप्टेंबरमध्ये हबलने फेब्रुवारीतल्या जागेकडे पुन्हा पाहिले. ठिपका आणखी मंदावला होता. डाग मात्र होता तसाच होता.