पाळी गेल्यावर बीजांडकोश काढावेत का?

गर्भाशय काढायचे ठरले की शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी, संमतिपत्रावर सही घेताना, पुष्कळदा जाता जाता विचारले जाते, “पाळी गेलेलीच आहे, बीजांडकोशही काढून टाकू या ना?” अंग बाहेर येते म्हणून दाखल झालेली साठीतली बाई मुलाकडे पाहते आणि मान डोलावते. माझ्या मते हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागातच, निवांतपणे बोलून निकाली निघायला हवा. कारण पाळी गेली एवढे एकच कारण त्यासाठी पुरेसे नाही.

पाळी थांबल्यावर स्त्रीबीजे संपतात आणि इस्ट्रोजेन फार कमी होते हे खरे. परंतु बीजांडकोशांतून टेस्टोस्टेरॉनसारखी संप्रेरके पुढेही काही वर्षे थोड्या प्रमाणात स्रवत राहतात आणि त्यांतल्या काहींचे चरबीत सौम्य इस्ट्रोजेन बनते. गर्भाशय काढलेल्या अमेरिकी परिचारिकांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांचे बीजांडकोशही काढले होते त्यांच्यात बीजांडकोशाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटले, पण हृदयविकाराचे आणि एकूण मृत्यू अधिक आढळले. २०११ सालच्या दुसऱ्या मोठ्या पाहणीत तसा फरक दिसला नाही. त्यामुळे पासष्टीच्या बाईला मी नुकसानीची भीती घालत नाही. मात्र फायदा कोणता, हे काढा म्हणणाऱ्याने सांगायला हवे.

तो फायदा घराण्यावर अवलंबून असतो. अमेरिकेत सर्वसाधारण स्त्रीला आयुष्यभरात बीजांडकोशाचा कर्करोग होण्याची शक्यता एक टक्क्याच्या थोडी वर आहे. बीआरसीए-१ या जनुकात दोष असेल (अशा दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो) तर ती चाळीस टक्क्यांच्या आसपास जाते, बीआरसीए-२ मध्ये त्याहून बरीच कमी, पण तरीही मोठी राहते. अशा स्त्रीला शस्त्रक्रियेचा सल्ला पाळी जाण्याआधीच दिला जातो, आणि दोष उशिरा कळला तरी तो लागू असतो. हा दोष वडिलांकडूनही येतो. आईचा, मावशीचा आजार सगळ्या सांगतात, आत्याच्या स्तनाच्या कर्करोगाचा उल्लेख मात्र राहून जातो. दरवर्षी सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करून लक्ष ठेवू, हा पर्याय इथे पुरा पडत नाही. सर्वसाधारण स्त्रियांतही अशा तपासण्यांनी मृत्यू घटत नाहीत, असे ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतून २०२१ मध्ये दिसले.

सोनोग्राफीत बीजांडकोशावर सापडलेली गाठ हा वेगळा विषय. अहवालात एकच कप्पा, पातळ भिंत, आत स्वच्छ पाणी, घट्ट भाग नाही, आकार तीन सेंटिमीटर असे लिहिले असेल आणि सीए-१२५ पस्तीसच्या आत असेल, तर काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करणे पुरते. अशा कित्येक गाठी आपोआप विरतात. पडदे, घट्ट भाग किंवा पोटात पाणी दिसले तर मात्र थांबू नये आणि शस्त्रक्रिया कर्करोगतज्ज्ञाकडेच करावी.

आणखी एक मार्ग आहे. या कर्करोगाच्या सर्वांत घातक आणि नेहमीच्या प्रकाराची सुरुवात बहुधा गर्भनलिकेच्या झालरीसारख्या टोकाशी होते. म्हणून गर्भाशय काढताना नलिका काढून बीजांडकोश तसेच ठेवता येतात. मात्र बीआरसीए दोष असणाऱ्या स्त्रीला तेवढे पुरत नाही. तिच्या नलिका आणि बीजांडकोश दोन्ही काढल्यावर नलिकांची टोके बारीक चकत्या करून तपासा, असे पॅथॉलॉजिस्टला चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्यावे, कारण डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या नलिकेतही कधी कधी सुरुवातीचा कर्करोग सापडतो आणि तो सापडला तर पुढचे उपचार बदलतात.