किल्ल्यांचा फळा

[दृश्य : टेरी टॉवेलचे माग, पहाट]

सकाळचे सात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या या कारखान्यात रात्रपाळी सुटते आहे. मागांच्या खडखडाटात बोलायचं तर तोंड कानाशी न्यावं लागतं. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. या गठ्ठ्यांवर परदेशचे पत्ते आहेत.

[दृश्य : फाटकावरचा फळा, जवळून]

हा फळा नीट बघा. प्रत्येक खिळ्याला किल्ली, किल्लीला पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. कडांना कापसाचं तूस बसलंय. किल्ली उचलली की वहीत नाव, वेळ, सही. काम सोडून जाणाऱ्याचं काय, असं रखवालदार अण्णांना विचारलं. "आधी किल्ली खिळ्याला लागती, मग त्याचा हिशेब होतो."

[दृश्य : ऑफिस, मॉनिटरवरची पिवळी चिठ्ठी]

ऑफिसात मात्र असा फळा नव्हता. हजेरीचं मशीन, ईआरपी म्हणजे ऑर्डरी-हिशेबाचं सॉफ्टवेअर, ईमेल, निर्यातीची कागदपत्रं, कॅमेरे. प्रत्येकाचं लॉगिन निराळं. या चिठ्ठीवर कारखान्याचं नाव आणि पुढे 123. हा पासवर्ड आता बंद झालाय, म्हणूनच दाखवतोय. मध्यंतरी एक जण नोकरी सोडून गेला, त्याचं लॉगिन उघडंच राहिलं, दरपत्रक बाहेर गेलं आणि एक जुनं गिऱ्हाईक तुटलं.

मग मालकांनी आयटी सांभाळणाऱ्या मॅडमना सांगितलं, आपल्यालाही एक फळा आणा.

[दृश्य : व्हाइटबोर्ड, तीन नावं]

म्हणजे सगळी लॉगिन एकाच जागेवरून देणारं आणि बंद करणारं सॉफ्टवेअर. बोर्डावर तीन नावं आली. मायक्रोसॉफ्टचं एन्ट्रा आयडी, जे 2023 पर्यंत ॲझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी म्हणून ओळखलं जायचं. ऑक्टा. आणि कीक्लोक. पहिली दोन क्लाउडवरची : सर्व्हर त्यांचे, पैसे साधारणपणे माणशी दरमहा. कीक्लोक 2014 साली आलं, रेड हॅट या कंपनीत वाढलं आणि 2023 मध्ये क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या खुल्या सॉफ्टवेअरच्या संस्थेकडे गेलं. त्याचा कोड खुला आहे, परवान्याला पैसे नाहीत, आणि ते आपल्याच खोलीतल्या सर्व्हरवर चालतं. तिन्ही सॅमल आणि ओपनआयडी कनेक्ट या ठरलेल्या भाषा बोलतात, त्यामुळे ईआरपी आणि ईमेल कुणाशीही जोडता आले असते. हजेरीच्या जुन्या मशीनला यातली एकही भाषा येत नाही. ते वेगळंच राहिलं.

माहितीपत्रकात तिघांच्याही नावापुढे सगळ्या खुणा बरोबरच्या असतात. म्हणून मॅडमनी चाचण्या स्वतःच ठरवल्या, आणि आम्ही कॅमेरा चालू ठेवला.

[दृश्य : राउटरची वायर काढताना हात]

पहिली चाचणी ही. बाहेरचं इंटरनेट तोडलं. क्लाउडवरचं लॉगिन अडकलं. ईआरपी शेजारच्या खोलीत असूनही दार उघडेना. कीक्लोक आतल्या नेटवर्कवर चालत राहिलं. फोनवरचा सहा आकडी कोडही आला, कारण तो नेटवरून येतच नाही. फोन आणि सर्व्हर दोघांकडे एकच गुपित असतं; त्यावरून आणि घड्याळावरून दर 30 सेकंदांनी दोघेही तोच आकडा काढतात.

[दृश्य : स्टॉपवॉच आणि स्क्रीन, एकाच चौकटीत]

दुसरी चाचणी अण्णांच्या नियमाची : माणूस गेला की किल्ली परत. एक खोटा कर्मचारी तयार केला, त्याला ईआरपीत बसवलं आणि कीक्लोकमध्ये त्याचं नाव बंद केलं. बघा, नाव बंद आहे, पण पडद्यावर ऑर्डरी अजून उघडतायत. एक मिनिट. दोन. कुणी बोलत नाहीये. आत शिरताना मिळालेलं टोकन, म्हणजे तात्पुरता पास, स्वतःची मुदत संपेपर्यंत चालतं, आणि कीक्लोकमध्ये ती मुदत मुळात पाच मिनिटांची असते. पाचव्या मिनिटाला पान उडालं, लॉगिनची चौकट आली. "पाच मिनिटांत दरपत्रक डाउनलोड होतं," मालक म्हणाले. मॅडमनी मुदत एक मिनिटावर आणली आणि पुन्हा घड्याळ लावलं. कुठलंही सॉफ्टवेअर घ्या, पण ही चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका, असं आम्हाला मनापासून सांगायचंय.

तिसरी, निघून जाण्याची. उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं ठरलं तर? कीक्लोकमधून सगळी मांडणी, नावं, अगदी पासवर्डचे हॅशसुद्धा (ज्यावरून मूळ पासवर्ड थेट वाचता येत नाही अशी त्यांची सांकेतिक रूपं) एका फाइलीत बाहेर काढता येतात. ती फाइल इथे पेन ड्राइव्हवर उतरताना दिसते आहे. क्लाउडवर हॅश इतक्या सहज हातात येत नाहीत, आणि मग प्रत्येकाला नवा पासवर्ड लावून घ्यावा लागतो.

कारखान्यानं कीक्लोक घेतलं. अपडेट, बॅकअप, यूपीएस, सगळं आता मॅडमच्या अंगावर आहे. सर्व्हर बसला तर सगळं ऑफिस बाहेर.

[दृश्य : लिफाफा, लाख, तिजोरी]

त्यासाठीच हा लिफाफा. ईआरपी आणि ईमेलचे स्वतःचे मुख्य पासवर्ड, जे कीक्लोकवर अवलंबून नाहीत, कागदावर हातानं लिहिले. लिफाफ्यावर लाख, लाखेशेजारी दोन सह्या : मॅडमची आणि मालकांची. लिफाफा हिशेबाच्या तिजोरीत गेला.

तिजोरीच्या किल्लीला अण्णांनी नवा बिल्ला लावला. फळ्यावरचा शेवटचा खिळा आता तिचा आहे.