रक्त दिसते कोणाला? – ‘मॅकबेथ’विषयी सांगलीत दिलेले व्याख्यान

रसिकहो, ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे केले आणि ज्या परिसरातल्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ करून मराठी रंगभूमीला दिला, तेथे शेक्सपिअरच्या शोकनाट्याची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. म्हणून मी थेट ‘मॅकबेथ’कडे वळतो.

या नाटकात रक्त जवळजवळ आरंभापासूनच आहे. रक्तबंबाळ झालेला एक सैनिक डंकन राजापुढे येतो आणि मॅकबेथने बंडखोराला बेंबीपासून जबड्यापर्यंत कसे चिरले ते सांगतो. राजा ते ऐकून मॅकबेथची वाहवा करतो. ‘वेणीसंहार’ या संस्कृत नाटकातही भीम रक्ताने माखलेल्या हातांनी द्रौपदीचे केस बांधतो आणि ते रक्त आपल्याला प्रतिज्ञापूर्तीची खूण वाटते. रक्त स्वतः पाप नव्हे. डंकन हा राजा, आप्त आणि त्या रात्रीपुरता मॅकबेथच्या घरचा पाहुणा आहे. म्हणून त्याच्या रक्ताचा अर्थ बदलतो.

मॅकबेथने केलेला डंकनचा खून रंगमंचावर होत नाही. आपल्याला दिसतात ते मॅकबेथचे हात आणि गोंधळात त्याने सोबत आणलेले खंजीर. ते परत ठेवायला तो धजत नाही, तेव्हा त्याची पत्नी जाते, झोपलेल्या सेवकांना रक्त फासते आणि परतल्यावर, माझेही हात आता तुझ्याच रंगाचे झाले आहेत, असे त्याला सांगते. तिच्या अनुपस्थितीत तो म्हणालेला असतो की साऱ्या समुद्राने हे रक्त धुतले जाणार नाही, उलट हा हातच समुद्र लाल करील. ती मात्र म्हणते, थोडे पाणी पुरेसे आहे. पाण्याचे हे दोन हिशेब मला या नाटकाचा कणा वाटतात, कारण पुढे ते अदलाबदल होतात.

ज्याला समुद्र अपुरा वाटला, तो बँको या आपल्या सहकारी सेनापतीचा खून करवल्यानंतर म्हणतो की आपण रक्तात इतके आत आलो आहोत की मागे फिरणे पुढे जाण्याइतकेच कष्टाचे आहे. कृष्णेच्या ऐन पात्रात उभा असलेला माणूस दोन्ही काठांचे अंतर मोजतो, तसे हे बोलणे आहे. त्यात थकवा आहे, पण हात धुण्याची इच्छा उरलेली नाही. मेजवानीत बँकोचे रक्ताळलेले भूत पाहून थरथरलेला हाच माणूस, हे विसरता येत नाही.

आणि जिला थोडे पाणी पुरेसे वाटले होते, ती पाचव्या अंकात झोपेत चालत येते. उशाशी सतत दिवा हवा, अशी तिची आज्ञा आहे. डोळे उघडे असून तिला समोरचे काही दिसत नाही. ती हात चोळत राहते, आणि हे कधी कधी पाव तास चालते, असे दासी सांगते. या प्रवेशात राणीच्या तोंडी पद्य नाही. तुटक गद्य आहे. तिला डागाबरोबर रक्ताचा वासही येतो आणि अरबस्तानातली सारी अत्तरे तिला अपुरी वाटतात. त्याआधी ती विचारते, त्या म्हाताऱ्याच्या अंगात इतके रक्त असेल असे कोणाला वाटले होते? हा प्रश्न मला सर्वांत भयंकर वाटतो. खुनाच्या रात्री ती म्हणाली होती की झोपलेला डंकन आपल्या वडिलांसारखा दिसला नसता तर आपणच वार केला असता. तो म्हातारा तिच्या मनात तेव्हापासून घर करून होता.

आपल्या हौशी संस्थांना माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. मूळ नाटक घ्या किंवा शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ घ्या, या प्रवेशात नटीच्या हातांना लाल रंग लावू नका. दुसऱ्या अंकात तो हवाच, कारण तेथे रक्त खरे आहे. पाचव्या अंकात वैद्य आणि दासी शेजारी उभे असतात आणि त्यांना त्या हातांवर काहीही दिसत नाही. प्रेक्षकांनाही दिसता कामा नये, कारण डाग दिसला की तो कधीतरी धुतला जाईल अशी आशा त्यांना वाटू लागेल.